बाजाराची वेळ

म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या परिसरात दोन घड्याळमनोरे आहेत. धाकटा, ‘चिक्क गडियार’, 1886 साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या भेटीच्या स्मरणार्थ उभारण्यात आला. थोरला, ‘दोड्ड गडियार’, कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त राजवाड्यातील सेवकवर्गाने 1927 साली बांधविला. त्याच्या तबकडीवर कन्नड अंक आहेत. दोन्ही मनोरे राजसत्तेच्या वेळेच्या खुणा होत. बाजाराच्या श्रमाला लय दिली ती मात्र नाशवंत मालाने.

म्हैसूर मल्लिगेची कळी पहाटे, उमलण्यापूर्वी खुडावी लागते आणि संध्याकाळी ती उमलते. खुडणारा, वाहून आणणारा, ओवणारा आणि विकणारा या साऱ्यांची कमाई मधल्या थोड्या तासांत ठरते. माळ विकली जाते ती ‘मोळ’ या मापाने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या हाताने. विड्याच्या पानाला फुलाहून अधिक सवड असते. कुंकवाच्या राशीला घाई नसते. अशी निरनिराळ्या घाईची माणसे एका छपराखाली शेजारी बसतात. वर्षालाही अशीच चढउतार असते. आषाढात लग्नकार्ये थांबतात, पण त्याच महिन्यातील शुक्रवारी चामुंडी टेकडीवर गर्दी लोटते. दसऱ्याची मिरवणूक तर बाजाराला लागून असलेल्या सयाजीराव रस्त्यानेच जाते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव येथे असे रोजच्या वापरात आहे.

मराठी वाचकाला येथे मुंबईचे गिरणगाव आठवावे. तेथे भोंग्याबरोबर पाळी बदले आणि पाळीबरोबर खोलीत झोपणारी माणसेही बदलत. खानावळींच्या चुलीही त्याच हिशेबाने पेटत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. चाळी राहिल्या, काही धुराडीही राहिली. परंतु भोंग्यावर बेतलेले जीवन ओसरले. वास्तू टिकली म्हणजे वस्तीची लय टिकतेच असे नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

ऑगस्ट 2016 मध्ये देवराज मार्केटच्या उत्तर प्रवेशद्वाराचा भाग कोसळला. इमारत पाडून नव्याने बांधावी की दुरुस्त करून जपावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. वादात कमानी, वारसा आणि सुरक्षितता यांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु बांधकामाचा हिशेब वर्षांचा असतो आणि मल्लिगेचा तासांचा. ज्याचे गिऱ्हाईक रोज त्याच वाटेने येते, त्या फूलविक्रेत्याला काही काळ दूर बसविणे म्हणजे त्याची वाटच तोडणे होय. त्यामुळे पाडणे असो वा दुरुस्ती, या मधल्या काळाची तजवीज प्रथम व्हावयास हवी. एरवी इमारत सुस्थितीत येईल आणि पहाटेची मल्लिगे दुसरीकडे गेलेली असेल.