पंप कुणाला विचारून घ्यायचा? भाट्याची विहीर आणि दाबाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते जरा नीट मांडलेत.

विषय वरवर पाहता फारच किरकोळ आहे. माझा आतेभाऊ भाट्यात काचा आणि सोलर पॅनल धुण्याचं काम सुरू करतोय. रत्नागिरीतून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की पावसच्या रस्त्यावर पहिलं गाव भाट्ये. समोर समुद्र, सुरूचं बन, आणि वर्षभर खारा वारा. या वाऱ्याने काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो. तो विहिरीच्या पाण्याने धुतला, तर मीठ जातं आणि त्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. म्हणून शुद्ध पाणी लागतं, त्यासाठी आरओ, आणि आरओला दाब द्यायला बूस्टर पंप. त्याने मला विचारलं, "कुठला घेऊ?" विक्रेत्याने एक अश्वशक्तीचा सुचवलाय. पैसे कर्जाचे आहेत आणि विहीर तीन घरांत सामायिक आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. पण हा प्रश्न खोदायला घेतला तेव्हा त्याच्या मागे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा इतिहास निघाला. आणि उत्तरसुद्धा त्या इतिहासातच आहे.

शुद्ध पाणी कशाला?

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो. लांब, हलका, पोकळ दांडा. टोकाला ब्रश, आतून नळी. माणूस जमिनीवर उभा राहतो, वर ब्रश फिरवतो, पाणी वाहत राहतं. पुसायचं नाही. पाण्यात विरघळलेलं काहीच नसेल, म्हणजे टीडीएस शून्याच्या आसपास असेल, तर ते सुकल्यावर मागे काही उरत नाही.

ही पद्धत ब्रिटनमध्ये जोरात पसरली ती २००५ नंतर. त्या वर्षी तिथे उंचीवरच्या कामासाठी नवे नियम आले. त्यांचं सूत्र साधं होतं: जे काम जमिनीवरून होऊ शकतं, त्यासाठी माणसाला वर चढवू नका. म्हणजे शुद्ध पाण्याचा एक फायदा काच चकचकीत होण्याचा, आणि दुसरा शिडी सुटण्याचा. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या अंगणात शिडी लावून पाहिली असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको.

डुकराचं मूत्राशय ते कॅलिफोर्निया

आता इतिहास. १७४८. फ्रान्समधले एक धर्मगुरू आणि प्रयोगकर्ते, झाँ-आंत्वान नोले. त्यांनी भांड्यात मद्यार्क भरला, तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधला आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. पडदा फुगला. पाणी आपणहून आत गेलं होतं. यालाच आपण शाळेत परासरण म्हणून शिकलो.

हा ओढा किती जोराचा असतो, याचं गणित १८८७ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी मांडलं. रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल, १९०१ चं, त्यांनाच मिळालं. त्यांच्या हिशोबाने समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब साधारण २७ बार निघतो. बार म्हणजे किती? दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी जवळपास एक बार दाब देतो. म्हणजे २७ बार हे २७० मीटरचं पाणी.

आपल्या जिल्ह्यातलं माप घेऊ. कोयनेचं पाणी सह्याद्री ओलांडून चिपळूण तालुक्यात पोफळीला पडतं, ते साडेचारशे मीटरहून जास्त. त्या पडण्यावर वीज तयार होते. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्रकल्पात साधारण ५५ ते ७० बार दाब लावतात. म्हणजे पोफळीच्या कड्याहूनही उंच पाण्याचा दाब एका नळीत कोंडायचा! म्हणूनच गणित १८८७ मध्ये तयार असूनही वापरात यायला सत्तर-ऐंशी वर्षं गेली. इतका दाब सहन करील, मीठ अडवील आणि तरी पाणी सोडील असा पडदाच नव्हता.

१९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांच्या गटाने दाखवलं, की सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा मीठ अडवतो. पण पाणी येई थेंब थेंब. मग कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन (हो, आपले भारतीय!) यांनी १९६० च्या सुमारास वेगळाच पडदा केला. वरचा थर अगदी पातळ आणि घट्ट, खाली जाड आणि सच्छिद्र आधार. मीठ अडवायचं काम फक्त वरच्या थराचं. पाणी एकदम कित्येक पट वाढलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात याच तंत्रावर पाणी मिळू लागलं. त्या गावाला एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवते ना? तशीच गत.

आपल्याकडेही काम झालं. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ ची. मचूळ पाण्याच्या गावांसाठी तिथे देशी पडदे तयार झाले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तमिळनाडूत कल्पाक्कमला मोठा प्रकल्प उभारला. त्याची क्षमता रोज ६३ लाख लिटर, त्यातले १८ लाख आरओचे.

पण आपल्या पंपासाठी महत्त्वाचं नाव जॉन कॅडॉट यांचं. १९७० च्या दशकात त्यांनी पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असलेला पडदा केला. आधीच्या पडद्यांना मचूळ पाण्यासाठीसुद्धा तीस-चाळीस बार लागायचे, ते पुढे दहा बारच्या आत आले. घरातल्या आरओला तर चार बार पुरतात. आज आपला आरओचा पंप पेन्सिलच्या डब्याएवढा दिसतो, त्याचं श्रेय पंपापेक्षा जास्त पडद्याचं आहे.

आणि विहिरीचा इतिहास?

मला सगळ्यात जास्त ओढून घेतलं ते इथे. कारण भाट्यात पाण्याला दाब द्यायचा म्हणजे ते आधी कुठून तरी उपसायचं.

समुद्रकाठी वाळूत गोडं पाणी कसं टिकतं? डच अभियंता बाडोन खायबेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्त्सबर्ग यांनी १९०१ मध्ये, दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली. गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, बर्फ पाण्यावर तरंगावा तसं. प्रमाण साधारण १ ला ४०. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडंच. आता उलटं वाचा: उपसून उपसून पातळी एक मीटर खाली नेली, तर खालून खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर सरकू शकतं. आणि एकाच जागी जोरात उपसा केला, तर विहिरीखाली त्याचा सुळका वर चढतो. एकदा चढला की लवकर उतरत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे सूत्र ठाऊक नव्हतं, पण त्यांची अवजारं नकळत ते पाळत होती. माडांचं शिंपणं रहाटाने किंवा लाटेने व्हायचं. रहाटाची गाडगी सावकाश येत, बैल दमला की थांबत. विहिरीला भरायला वेळ मिळे. मग पंप आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, नांगरापासून सुरुवात केली आणि पुढे तिथे सेंट्रिफ्युगल पंप होऊ लागले. साठच्या दशकात कोयनेची वीज आली. शेतकऱ्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं, ही मोठीच गोष्ट. पण पंप दमत नाही. किनाऱ्यावरच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होण्यामागे वारेमाप उपसा हे एक मोठं कारण आहे.

आणि भाट्यातच याची दुसरी बाजू दिसते. किनाऱ्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचं देऊळ आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि झरा गोड्या पाण्याचा. पंप नाही, वीज नाही. डोंगरात मुरलेलं पाणी उंचीच्या दाबाने बाहेर येतं. डोंगर देतो तेवढंच मिळतं, जास्त मागता येत नाही.

मग पंप कुठला?

चला, हिशोब करू.

एक: पाणी किती लागतं? एका दांड्याला मिनिटाला दीड लिटर. प्रत्यक्ष पाणी चालू असतं तो वेळ चार तास धरा. झाले ३६०, म्हणू ४०० लिटर रोज.

दोन: आरओ आत येणारं सगळं पाणी शुद्ध करून देत नाही. निम्मं किंवा जास्त बाहेर टाकतं. पंप निवडायचा तो आत जाणाऱ्या पाण्यावर, बाहेर येणाऱ्या शुद्ध पाण्यावर नाही. इथे पुष्कळ लोक चुकतात. ४०० हवे असतील तर ८०० ते १००० लिटर आत गेलं पाहिजे.

तीन: किती वेळात? चार इंची, चाळीस इंच लांब औद्योगिक मेम्ब्रेन तासाला ४०० लिटरच्या आसपास देतं, पण त्याला सात ते दहा बार दाबाने मिनिटाला पंधरा लिटर पाणी हवं. त्यासाठी अनेक टप्प्यांचा सेंट्रिफ्युगल पंप लागतो, एक अश्वशक्तीच्या घरातला. दुसरा मार्ग: घरगुती मोठ्या मापाची तीन मेम्ब्रेन समांतर जोडायची. ती मिळून तासाला ४५ लिटरच्या आसपास देतात. रात्रभर, दहा तास चालवा, काम झालं. पाणी आत जातं मिनिटाला दीड-दोन लिटर, दाब चार बार. याला चोवीस व्होल्टचे एक-दोन डायफ्रॅम पंप पुरतात. वीज लागते काही दहा वॉट, इन्व्हर्टरवरही चालतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे किती महत्त्वाचं, ते तुम्हीच सांगा.

बाथरूमच्या शॉवरसाठी 'प्रेशर बूस्टर' म्हणून विकतात तो घेऊ नका. त्याचा दाब बहुतेकदा दोन-तीन बारच्या आसपास अडतो. आणि पंपाच्या पट्टीवर लिहिलेलं कमाल हेड हे पाणी वाहत नसतानाचं असतं. आपल्याला हवं त्या प्रवाहाला किती दाब मिळतो, ते तक्त्यात बघायचं.

चार: टीडीएस जुलैत नाही, मे महिन्यात मोजा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्यातलं पाणी मुळातच कमी क्षारांचं. पावसाळ्यात कदाचित आरओ बंद ठेवून नुसत्या रेझिनच्या नळकांड्यावर भागेल. पंपाची खरी परीक्षा मेमध्ये. लोह असेल तर आधी गाळणी हवीच, नाहीतर मेम्ब्रेन लाल होऊन बसेल.

पाच, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: बूस्टर थेट विहिरीला जोडू नका. मध्ये टाकी ठेवा, ती थोडी थोडी भरा. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप बंद पडेल असा लो-प्रेशर स्विच लावा. टाकून दिलेलं पाणी गटारात सोडू नका. निम्मं पाणी बाहेर टाकलं, तर त्याचे क्षार साधारण दुप्पट होतात. मूळ टीडीएस ३०० असेल तर ६००, म्हणजे माडाला चालेल असं. माडाला कितपत खारं चालतं हे विचारायला लांब जायला नको, नारळ संशोधन केंद्र भाट्यातच आहे. मूळ पाणीच मचूळ असेल, तर मात्र त्यांना विचारूनच सोडा.

मी आतेभावाला रात्रभर चालणारा छोटा पंप सांगितला. तो म्हणाला, "पण काम वाढलं तर?" वाढलं तर अजून एक मेम्ब्रेन, अजून एक छोटा पंप जोडता येतो. एक अश्वशक्तीचा पंप घेतला की मात्र दर मिनिटाला पंधरा लिटर त्याच्या तोंडी घालत राहावं लागतं, आणि ते येणार सामायिक विहिरीतून. कर्ज त्याचं एकट्याचं आहे, विहीर तिघांची.

तुमच्या गावची विहीर मेमध्ये मचूळ होते का? कधीपासून? घरातल्या मोठ्यांना विचारा, वर्ष आठवत असेल तर कळवा. पुढच्या भागात रहाटाबद्दल सविस्तर बोलू. भेटूच.