ईपर नगराचें जुनेपण

एखादें नगर जुनें कशावरून ठरवावयाचें? त्याच्या दगडांच्या वयावरून, कीं तेथील लोकांच्या स्मरणावरून? बेल्जममधील ईपर या फ्लेमिश नगराचा इतिहास वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें वारंवार उभा राहतो; कारण मध्ययुगीन दिसणाऱ्या तेथील बहुतेक इमारती १९१८ नंतर नव्यानें बांधलेल्या आहेत.

ईपरचें वैभव लोंकरीवर उभें होतें. इंग्लंडांतून लोंकर यावी, येथील विणकरांनीं तिचें कापड विणावें व तें युरोपच्या बाजारपेठांत जावें, असा हा व्यवहार असे. तेराव्या शतकांत ब्रूझ व घेंट यांच्या बरोबरीनें ईपरचें नांव घेतलें जाई. त्या संपत्तीची साक्ष म्हणजे १३०४ मध्यें पुरी झालेली कापडपेठ. सुमारें १२५ मीटर लांबीची आणि ७० मीटर उंच घंटाबुरुजाची ही वास्तु एखाद्या राजवाड्याला शोभली असती. पण ती होती कापड सांठविण्यासाठीं व विकण्यासाठीं.

१३८३ मध्यें नॉरिचच्या इंग्रज बिशपानें घेंटवाल्यांच्या साह्यानें नगराला वेढा घातला. सुमारें दोन महिने तट टिकला आणि शत्रु परत फिरला. नागरिकांनीं हें यश कुमारी मेरीच्या कृपेचें मानलें; त्याचा उत्सव तेथें ऑगस्टमध्यें होत आला आहे. परंतु तटाबाहेरील विणकरांचीं उपनगरें बेचिराख झालीं व पुष्कळ कारागीर कायमचे निघून गेले. नगर वांचलें, पण त्याचा धंदा पुन्हां पहिल्यासारखा झाला नाहीं.

धंद्याची एक विचित्र खूण मात्र मागें राहिली. लोंकरीच्या कोठारांत उंदीर फार, म्हणून तेथें मांजरें पाळीत. आणि लेंटच्या उपवासकाळांत एके दिवशीं घंटाबुरुजावरून जिवंत मांजरें खालीं फेकीत. नकोशीं झालेलीं मांजरें अशीं घालवीत, असें कोणी सांगतात. मांजर चेटकिणींचें सोबती समजलें जाई, असें दुसरे म्हणतात. कारण कांहींहि असो, हा क्रूर प्रकार १८१७ मध्यें शेवटचा झाला. आतां दर तीन वर्षांनीं मे महिन्यांत मांजरांची मोठी मिरवणूक निघते आणि विदूषक बुरुजावरून कापडी मांजरें फेकतो. रूढींतील क्रौर्य टाकून तिचा खेळ तेवढा लोकांनीं राखला, हें विचार करण्याजोगें आहे.

पहिल्या महायुद्धानें मात्र राखण्याजोगें कांहींच ठेवलें नाहीं. २२ नोव्हेंबर १९१४ रोजीं कापडपेठेनें पेट घेतला. १९१५ च्या एप्रिलांत नगराजवळ जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला. चार वर्षांत ईपर म्हणजे विटांचा ढीग उरला. या रणभूमीवर हिंदी रक्तहि सांडलें आहे. जवळच्या होलबेक गांवीं ३१ ऑक्टोबर १९१४ रोजीं, सारे साथीदार पडल्यावरहि मशीनगन चालवीत राहिलेले बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान, हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे पहिले हिंदी शिपाई होत.

हे भग्नावशेष ब्रिटनचें स्मारक म्हणून तसेच ठेवावे, असें विन्स्टन चर्चिल यांनीं १९१९ मध्यें सुचविलें. पण परतलेल्या रहिवाशांना स्मारकांत नव्हे, घरांत राहावयाचें होतें. लांकडी झोंपड्यांत राहून त्यांनीं आपलें नगर जुन्या रूपांतच पुन्हां उभें केलें. कापडपेठेचें काम १९६७ पर्यंत चाललें. ही केवळ नक्कल होय, असा आक्षेप घेतां येईल. आमच्या मतें, ज्या नगराचे लोक पूर्वजांच्या जागीं परत येऊन त्यांचेच रस्ते व तेच सण चालवितात, तें नगर जुनेंच.

१९२७ मध्यें तेथें मेनिन दरवाजा उभा राहिला. ज्यांना थडगेंहि लाभलें नाहीं, अशा ५४,००० हून अधिक सैनिकांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. त्यांत हिंदी शिपायांचींहि आहेत. १९२८ पासून रोज रात्रीं आठ वाजतां या दरवाजाखालीं मृतांसाठीं बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन अंमलाखालीं तो बंद पडला. ६ सप्टेंबर १९४४ रोजीं नगर मुक्त झालें आणि त्याच संध्याकाळीं पुन्हां वाजूं लागला. तो वाजविण्याचें काम ज्यांनीं प्रथम पत्करलें, ते त्याच नगराच्या आगीच्या बंबावरील लोक होते.