दोन ग्रामधर्मगुरू आणि मुलांचे विज्ञानशिक्षण

लहान मुलांस विज्ञान शिकवावयाचे म्हणजे प्रयोगशाळा हवी, उपकरणे हवीत, द्रव्य हवे, असा पुष्कळांचा समज असतो. इंग्लंडातील दोन खेड्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाही. तो ज्यांनी खोटा ठरविला ते दोघेही आपापल्या खेड्याचे धर्मगुरू होते. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नसून अँग्लिकन पंथाचे होते. तथापि सत्कार्य कोणाच्याही हातून घडलेले असो, त्याचा आदर करणे हेच आपणांस शोभते.

पहिले रेव्हरंड रिचर्ड डॉज. हॅम्पशायर परगण्यातील किंग्ज सॉम्बर्न ह्या खेड्यात त्यांनी १८४२ साली शाळा उघडली. तीत मजुरांची व शेतमालकांची मुले एकाच वर्गात बसत. फी मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे घेतली जाई. चुलीवरची किटली, घरातील हवा, शेतातील अवजारे ह्यांवरून मुलांस प्रश्न विचारावे आणि त्यांच्याकडूनच कारण काढवावे, अशी त्यांची पद्धती होती. 'नित्याच्या वस्तूंचे शास्त्र' ह्या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली.

दुसरे रेव्हरंड जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो. हे १८२५ पासून केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३१ साली 'बीगल' जहाजावरील सफरीसाठी तरुण डार्विनची शिफारस ह्यांनीच केली. १८३७ साली सफोक परगण्यातील हिचम ह्या दरिद्री खेड्याची धर्मसेवा त्यांजकडे आली. तेथे त्यांनी शाळा चालविली व मजुरांस भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे मिळवून दिले. काही शेतमालकांस हे रुचले नाही. त्यांनी विरोध केला, परंतु हेन्स्लो मागे हटले नाहीत.

पुढे १८५२ च्या सुमारास त्यांनी शाळेतील मुलांचा वनस्पतिशास्त्राचा वर्ग सुरू केला. तो ऐच्छिक होता. मुले रानातून फुले आणीत, ती उकलून पाकळ्या व पुंकेसर मोजीत, आणि जे दिसले ते तक्त्यात लिहीत. कठीण शास्त्रीय संज्ञा बिनचूक लिहिता आल्यावाचून वर्गात प्रवेश नसे. मजुरांच्या लेकींनीही त्या आत्मसात केल्या. हेन्स्लो १८६१ साली निवर्तले. त्यांनी तयार करून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे डॅनिएल ऑलिव्हर ह्यांनी वनस्पतिशास्त्राचे प्राथमिक पाठ १८६४ साली प्रसिद्ध केले.

मग ही रीत सर्वत्र का पसरली नाही? श्रीमंतांच्या मुलांस जे ज्ञान नाही ते गरिबांच्या मुलांस मिळावे, ही गोष्टच त्या काळच्या अनेक प्रतिष्ठितांस खटकत होती. त्यातच १८६२ साली सरकारने नवा नियम केला. शाळेचे अनुदान मुख्यतः मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित ह्यांच्या परीक्षेचा निकाल ह्यांवर ठरू लागले. ज्या विषयास पैसा नाही त्यास वेळ कोण देणार? शिक्षक तीन विषयांची घोकंपट्टी करून घेऊ लागले आणि विज्ञान बहुतेक शाळांतून मागे पडले. अनुदानाची ही पद्धती मोडावयास त्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले. तोवर मुलांची एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

बंधुभगिनींनो, ह्या इतिहासातील बोध आपल्या महोत्सवप्रसंगी ध्यानी धरण्यासारखा आहे. हिचमची शाळा साधनांवाचून अडली नाही; ह्या रीतीस जी खीळ बसली ती वडीलधाऱ्यांच्या संकुचित बुद्धीने. प्रभूने आपल्या शिष्यांस रानातील फुलांकडे निरखून पाहावयास सांगितले, आणि आदामाने प्राण्यांस नावे दिली असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. सृष्टी निरखणे हे श्रद्धेच्या आड येत नाही; ते निर्मात्याच्या सन्मानाचेच एक अंग होय. म्हणून आपले मूल हातात पान घेऊन 'हे असे का?' असे विचारील तेव्हा त्यास गप्प बसवू नका. गुणपत्रिकेत त्या प्रश्नाला गुण नसतील, परंतु शिक्षणाचा आरंभ तेथेच होतो.