मुक्ती मिशन, केडगाव
पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी उभी केलेली निराधार स्त्रिया व मुलांसाठीची ख्रिस्ती संस्था. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात रमाबाई स्वतः फिरल्या आणि उघड्यावर पडलेल्या मुली व तरुण विधवा, सुमारे तीनशे जणी, सोबत घेऊन आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे उपासमार त्यांना ऐकीव नव्हती. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर हलवावे लागले. तिथे आधी तात्पुरता निवारा, मग पक्क्या इमारती झाल्या. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

नुसते अन्नछत्र चालवण्यावर रमाबाईंचा भर नव्हता. मुली अक्षरे गिरवत, शेती करत, हातमागावर कापड विणत, छापखान्यात खिळे जुळवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग होता. त्यांना दारात उभे करायलाही तेव्हाचा समाज तयार नव्हता.

धर्मांतराचा आक्षेप मात्र सुटला नाही. रमाबाईंनी मुंबईत १८८९ मध्ये विधवांसाठी सुरू केलेल्या शारदासदनावरून १८९३ मध्ये वाद पेटला आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. केडगावला मिशनचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर इथल्याच छापखान्यात छापले गेले. संस्था आजही चालू आहे.