कूकाबराच्या अभ्यासकांसाठी

कूकाबरा हे नाव मराठी वाचकाच्या कानावर आले ते बहुधा क्रिकेटच्या चेंडूमुळे. प्रत्यक्षात हा पूर्व ऑस्ट्रेलियाच्या निलगिरीच्या रानांतला पक्षी, आणि आपल्या खंड्याचा जवळचा भाऊबंद. विजेच्या तारेवर बसून सरडा टिपणारा पांढऱ्या छातीचा खंड्या ज्याने निरखला आहे, त्याला या विषयात परके वाटायचे कारण नाही.

एवढे मात्र आधीच सांगायला हवे, की या पक्ष्याची नावे फसवी आहेत. १७८३ साली निसर्गशास्त्रज्ञ योहान हर्मान यांनी शास्त्रीय नाव देताना त्याला न्यू गिनीचा ठरवले. तिथे त्याचे सगेसोयरे आहेत, तो नाही. इंग्रजीत तो 'हसरा' झाला, पण पहाटे सगळे कुटुंब मिळून जो गलका करते ती आपल्या हद्दीची द्वाही असते. बंदिवासात शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत दोन जोड्या ठेवणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

त्याचे खाणे बघत राहावे असे आहे. बर्फातून काढून नरम केलेला मेलेला उंदीर दिला, तरी तो चोचीत पकडून फांदीवर आपटतो, पुन्हा आपटतो, आणि मगच गिळतो. त्या आपटण्याला दणकट, खरबरीत फांदी लागते. फांद्यांची जाडीही कमीजास्त हवी. एकाच मापाच्या गुळगुळीत दांड्यावर दिवस काढणाऱ्या पक्ष्याच्या तळव्यांना जखमा होतात. मुळातच हा बसून वाट पाहणारा शिकारी, त्यामुळे पिंजऱ्यात लवकर लठ्ठ होतो. वजनकाट्यावर आपण होऊन येऊन बसायची सवय त्याला लावावी. म्हणजे वजन करण्यासाठी धरपकडीची वेळच येत नाही.

अवघड प्रश्न घरट्यात उभा राहतो. ढोलीत साधारण तीन अंडी असतात. आदल्या विणीतली मुलेही ती उबवायला आणि पिल्लांना भरवायला मदत करतात. पण नवजात पिल्लाच्या चोचीला टोकाशी आकडी असते, आणि थोरली भावंडे धाकट्याला कधीकधी तिने मारून टाकतात. पक्षी सांभाळणाऱ्याने मध्ये पडावे का? माझ्या मते घाई करू नये. आधी आईबापांच्या पुढ्यातला चारा वाढवून पाहावा. कारण घरट्यातून काढून माणसाच्या हातावर वाढवलेल्या पिल्लाला पुढे आपल्या जातीत रमणे जड जाते.

पुढची पाने उलटण्यापूर्वी वाचकाने एक पहाट वही घेऊन पिंजऱ्यासमोर काढावी. कूकाबरा जवळपास नसेल, तर विहिरीवरच्या खंड्यापासून सुरुवात करावी.