टर्बोचं घराणं

गाडीच्या कॅटलॉगमध्ये घोडेशक्तीचा आकडा ठळक छापतात. त्याच्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ असते : जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, किती आणि इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या झाल्यावर तो मिळतो. पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवत होते तेव्हा मी पोरांना ही बारीक ओळ आधी वाचायला लावायचे. घोडेशक्तीवर बढाई मारता येते. गाडी चालवताना रोज हाताशी येतो तो टॉर्क.

या एका ओळीत टर्बो गाड्यांचा सगळा इतिहास मावतो. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोला पूर्ण टॉर्क मिळायचा ४००० फेऱ्यांना. १९७८ ला विक्रीला आलेल्या साब ९९ टर्बोला ३००० ला. २००४ मध्ये भारतात आलेल्या श्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला १७५० ला, आणि २०१३ च्या, चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीला साधारण १५०० ला. चाळीस वर्षांत आकडा ४००० वरून १५०० वर उतरला. पुण्याच्या कर्वे रोडवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत तुमचं-माझं इंजिन याच दीड-दोन हजारांत फिरत असतं. पूर्वी ट्रॅकवर किंवा जर्मनीच्या ऑटोबानवरच भेटणारी ताकद आता भाजी आणायला निघालेल्या माणसाला मिळते. लोक टर्बो गाडी रोज वापरतात आणि खूश असतात, त्याचं कारण हे आहे. ही ताकद इतकी खाली कशी आली, ते सांगायचं तर सुरुवात ट्रक आणि जहाजांपासून करावी लागते.

इंजिनात जाळलेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून वाया जाते. हे फुकट जाणं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युकी या इंजिनिअरला खटकलं. विंटरथूरच्या या माणसाने १९०५ मध्ये पेटंट घेतलं : बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येणार, म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त काम. कल्पना एवढीच. ती चालायला मात्र वीस वर्षं लागली, कारण तेवढी उष्णता आणि तेवढा वेग सोसणारे धातू आणि बेअरिंग तेव्हा नव्हते. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्युकीचा टर्बो बसला आणि १७५० घोडेशक्तीच्या इंजिनाने २५०० दिली.

विमानवाल्यांची गरज वेगळी होती. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर नेलं. खाली ३५० घोडेशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं होतं; टर्बो लावल्यावर त्याने ३५६ दिली. महाबळेश्वर पाइक्स पीकच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही उंच नाही, तरी साधं इंजिन तिथे दहाएक टक्के ताकद गमावून बसतं. टर्बो ती तूट आपणहून भरून काढतो.

पुढची पायरी ट्रकची. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने ट्रकचं टर्बो इंजिन बनवलं. १९५२ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स या इंजिन कंपनीने चक्क डिझेल गाडी उतरवली. ती टर्बोवर चालणारी होती, आणि फ्रेड अगाबाशियनने तिच्यावर पात्रता फेऱ्यांत पहिली जागा पटकावली. शर्यत मात्र पुरी झाली नाही. टर्बोचं तोंड गाडीत खाली होतं. ट्रॅकवरचे टायरच्या रबराचे तुकडे त्याने ओढून घेतले, वाट बुजली आणि ७१ व्या फेरीनंतर गाडी थांबली. या कमिन्सची किर्लोस्करांबरोबरची कंपनी १९६२ मध्ये पुण्यात आली. कोथरूडला तेव्हा शेतं होती. तिथे मोठी डिझेल इंजिनं बनू लागली आणि पुण्याच्या कितीतरी फिटर-टर्नरांना टर्बो पहिल्यांदा हातात घेऊन पाहता आला.

त्याच १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो पहिल्यांदा घरगुती मोटारीत आला. जनरल मोटर्सने काही आठवड्यांच्या अंतराने दोन गाड्या काढल्या : शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर. जेटफायरचं ३.५ लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन २१५ घोडेशक्ती द्यायचं. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतं. इंजिन ठोकतं, पिस्टनला भोकं पडायची वेळ येते. यावर जेटफायरच्या इंजिनिअरांनी बॉनेटखाली एक वेगळी टाकी ठेवली. तिच्यात शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण. पाय दाबला की ते इंजिनात फवारलं जायचं आणि आतला जाळ थंड व्हायचा. नाव दिलं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप टर्बोचा दाब कमी करायची. लोकांनी गाडी घेतली, टाकी भरायचं विसरले, आणि तक्रार करू लागले की गाडी ओढत नाही. दोन वर्षांत दहा हजारांच्या आत गाड्या विकल्या गेल्या आणि प्रकरण मिटलं. पुढे कंपनीने कितीतरी मालकांच्या गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. रोजच्या गाडीत, मालकाने आठवणीने करायची कामं वाढवून चालत नाही, हा धडा डेट्रॉइटने तिथे घेतला.

युरोपने ठोकण्यावर दुसरा उपाय केला : इंजिनाचं कम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाणच, उतरवलं. बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचं कम्प्रेशन ६.९ ला १, तर १९७४ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या पोर्शे ९११ टर्बोचं ६.५ ला १. इंजिन ठोकायचं थांबलं, पण टर्बो भरात येईपर्यंत त्यात जीव नसायचा. पाय दाबायचा, वाट बघायची, आणि मग पाठीत धपाटा. यालाच टर्बो लॅग म्हणतात. पोर्शेचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि गिअर चारच. वळणात शिरताना पाय दाबला तर ताकद वळणाच्या मधोमध यायची, घाबरून पाय उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जायचा. या गाडीला ‘विधवा करणारी’ असं नाव पडलं ते उगाच नाही. बीएमडब्ल्यूने पुढच्या स्पॉयलरवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी रंगवली होती, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलट दिसावीत आणि त्याने बाजूला व्हावं म्हणून. त्यावर जर्मनीत काहूर उठलं. पाठोपाठ ऑक्टोबर १९७३ चं तेलसंकट आलं आणि १६७२ गाड्यांवर ते मॉडेल संपलं.

माझ्या मते या घराण्याचा खरा कर्ता पुरुष स्वीडनमधला. पेर गिलब्रांड साबमध्ये इंजिनं करायचे. लोक त्यांना ‘टर्बो-पेले’ म्हणत. साबकडे मोठं व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिन करायला पैसा नव्हता. पण १९६९ मध्ये साब आणि स्कानिया एक झाल्या होत्या, आणि स्कानिया म्हणजे ट्रक. त्याच वर्षीच्या स्कानियाच्या १४ लिटरच्या टर्बो व्ही-८ ने ३५० घोडेशक्ती दिली होती. ट्रकवाल्याला ताशी दोनशेचा वेग नको असतो. चढावर भरलेला माल घेऊन, इंजिन हळू फिरत असताना, ओढ हवी असते. गिलब्रांड यांनी हाच विचार मोटारीत आणला. त्यांनी मोठ्याऐवजी लहान टर्बो घेतला, कारण हलकं चक्र कमी धुरातही चटकन फिरू लागतं. लहान टर्बो वरच्या फेऱ्यांना जास्त दाब करून इंजिन फोडेल, म्हणून जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, वेस्टगेट, बसवली. दोन लिटरच्या साब ९९ टर्बोची ताकद १४५ घोडेशक्ती, म्हणजे बीएमडब्ल्यूपेक्षा २५ ने कमी. पण टॉर्क ३००० फेऱ्यांना. मुलांना शाळेत सोडून, बर्फातून ऑफिसला नेता येईल अशी ती पहिली टर्बो गाडी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनाच्या अंगाला एक सेन्सर लावला. ठोकण्याची चाहूल लागली की तो दाब उतरवायचा. जेटफायरच्या टाकीचं काम आता एक छोटा कान करू लागला आणि मालकाला काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही.

फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९७७ ला टर्बो आणला, दोन वर्षांनी पहिली शर्यत जिंकली, आणि १९८८ नंतर त्यावर बंदी आली. पोस्टरं त्या गाड्यांची लागली. पण माझ्या-तुमच्या गाडीत जे आलं, त्यातलं बरंच साबच्या रस्त्याने आलं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात टर्बो आधी ट्रकच्या मागे आणि बाजूला लिहिलेल्या अक्षरांतून ओळखीचा झाला. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे जुनं साधं इंजिन जाऊन टर्बो इंजिन आलं. ट्रक ड्रायव्हर त्याला शिट्टीवरून ओळखायचे. आमच्या वर्कशॉपला गाडी घेऊन आलेला एक जुना ड्रायव्हर पोरांना सांगायचा, “शिट्टी वाजली की गिअर पाडायचा नाही, बाळा. तीच ओढते.” माझ्या तासभराच्या व्याख्यानाचा हा गोषवारा होता.

पेट्रोल टर्बो रस्त्यावर आला तो मराठवाड्यातून. औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. तिची आरएस आवृत्ती आली तेव्हा तिच्यात १.८ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला पाच झडपांचं टर्बो इंजिन होतं. १५० घोडेशक्ती, २१० न्यूटन मीटर. युरोपात तीच गाडी १८० ची होती म्हणून काही जण नाक मुरडत. पण १५० च्या इंजिनाचा टर्बो लहान आणि टॉर्क १७५० ला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ती जुनी विकत घेतली आणि मला साताऱ्याला घेऊन गेला. खंबाटकीत पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागून एसटी. त्याने गिअर न बदलता पाय थोडा दाबला आणि गाडी आवाज न करता चढली. “मॅडम, काही केलंच नाही मी,” तो म्हणाला. मला तेच बघायचं होतं.

त्यानंतरचं श्रेय इंजिनिअरांइतकंच अर्थमंत्रालयाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर उतरवला गेला. मग इंजिन मोठं करण्यात तोटा आणि लहान इंजिनात हवा भरण्यात फायदा. चाकणची पोलो जीटी या हिशेबातूनच आली : ११९७ सीसी, १०५ घोडेशक्ती, १७५ न्यूटन मीटर. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याने आतली हवा थंड होते, म्हणून कम्प्रेशन १० ला १ ठेवूनही ती ठोकत नाही. जेटफायरच्या टाकीतलं पाणी जे करायचं, ते इथे पेट्रोलच करतं. टर्बो झोपलेला असतानाही त्यामुळे इंजिनात जीव असतो.

अशीच एक गाडी मी निवृत्तीनंतर घेतली. सोसायटीतले शेजारी विचारतात, “काकू, या वयात टर्बो? रेस लावायची आहे का?” नाही लावायची. चांदणी चौकाच्या चढावर, चार माणसं, एसी चालू, पुढे टेम्पो. तिथे इंजिन किंचाळत नाही आणि मला घाम फुटत नाही, एवढंच. ओव्हरटेकला दोन गाड्यांमधली फट लवकर पार होते, म्हणजे समोरच्या लेनमध्ये मी कमी वेळ असते. वेगाचा आनंद कधीमधी. हा निवांतपणाचा आनंद रोजचा.

किंमत मोजावी लागते, तीही सांगते. पाय जड असेल तर ॲव्हरेज पडतं. कॅटलॉगातलं ॲव्हरेज हलक्या पायाचं असतं. टर्बोचं चक्र मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतं आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून तेल सांगितलेलंच आणि वेळेवर. पूर्वी घाट चढून गाडी थांबवली की ड्रायव्हर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचे, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा व्हायचं. आताच्या पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोंना त्याची तेवढी गरज नाही. पण घाटमाथ्यावर थांबलात तर ती सवय मोडू नका.

आणि गाडी घेणार असाल, तर शोरूमच्या पोराबरोबर रिकाम्या हायवेवर चक्कर मारून सही करू नका. घरची माणसं बसवा, एसी लावा, कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला, दोन हजार फेऱ्यांच्या आत पाय दाबून बघा. तिथे ओढली तर ती रोजची गाडी. तिथे थांबून विचार करू लागली, तर घोडेशक्ती कितीही छापलेली असो, परत करा.