अनंताची फांदी आणि नावाची गोष्ट

ताई, मावशी, वहिनी, आजचा विषय आपल्या परसातलाच आहे. पांढराशुभ्र, मऊ पाकळ्यांचा अनंत. एक फूल तांब्यात ठेवलं तरी घरभर वास सुटतो. तो लावायचा कसा, जपायचा कसा, हे सांगतेच. पण आधी तो कुठून आला आणि कुणाच्या हातून आला ते बघू. त्याची निगा कशी राखायची, याचं निम्मं उत्तर त्या इतिहासातच सापडतं.

अनंताचं मूळ घर चीन आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिथं हे झाड शेकडो वर्षांपासून लावतात, आणि तेही फक्त वासासाठी नाही. साध्या, एकेरी पाकळ्यांच्या अनंताला केशरी रंगाची फळं येतात. त्या फळांपासून पिवळा रंग काढून चीनमध्ये कापड रंगवत. जपानमध्ये याच फळानं मुळ्याच्या लोणच्याला पिवळा रंग देतात. आपल्या केशरात जे रंगद्रव्य असतं, तेच या फळात आहे. चीनमध्ये याच्या फुलांचा वास चहालाही देतात.

मग आपल्या दारातल्या अनंताला फळ का दिसत नाही? कारण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचा अनंत असतो. त्याच्या फुलातल्या केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून सहसा फळ धरत नाही आणि बीही मिळत नाही. असं झाड वाढवायचा रस्ता एकच, फांदी. म्हणजे तुमच्या दारातला अनंत कुणाच्या तरी झाडाची फांदी आहे, ते झाड आणखी कुणाच्या झाडाची. कुणीतरी कापून दिली, कुणीतरी जगवली, म्हणून तो इथवर आला. ही साखळी एकदा जरी तुटली असती, तरी तुमच्या दारात तो नसता.

आता नावाची गोष्ट ऐका. इंग्रजीत अनंताला गार्डेनिया म्हणतात. ते ऐकून वाटतं की गार्डन, म्हणजे बाग, यावरून आलं असेल. तसं नाही. १७५० नंतरच्या काही वर्षांत एका इंग्रज जहाजाच्या कप्तानानं आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, म्हणजे केपवरून, हे झाड इंग्लंडला नेलं. म्हणून त्याला केपची जाई असंही म्हणू लागले. खरं तर ते ना केपचं, ना जाईच्या कुळातलं. त्याचं कूळ कॉफीचं. रिचर्ड वॉर्नर नावाच्या गृहस्थाच्या बागेत ते वाढलं. पण त्याची कलमं काही जगेनात. शेवटी जेम्स गॉर्डन नावाच्या रोपवाटिकेवाल्याला ते जमलं. त्यानं फांद्यांना मुळं फुटवली आणि रोपं भारी किमतीला विकली.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा जॉन एलिस या अभ्यासकाला वॉर्नरचं नाव द्यायचं होतं. वॉर्नर नको म्हणाला. मग १७६१ मध्ये एलिसनं आपल्या मित्राचं नाव दिलं, अलेक्झांडर गार्डन. हा डॉक्टर तेव्हा अमेरिकेत चार्ल्सटन इथं राहत होता. झाडाझुडपांचा मोठा अभ्यासक खरा, पण हे झाड त्यानं शोधलं नव्हतं, इंग्लंडला आणलं नव्हतं, त्याची फांदीही जगवली नव्हती. ज्याच्या हाताला यश आलं तो गॉर्डन नावात राहिला नाही. आणि चीनमध्ये ज्या बायाबापड्यांनी हे झाड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांचं तर कुठंच नाव नाही.

अनंताचे सख्खे भाऊबंद आपल्या महाराष्ट्राच्या जंगलातही आहेत. डिकेमाली ठाऊक आहे ना? जनावराच्या जखमेवर माशी बसू नये म्हणून लावतात तो उग्र वासाचा डिंक. ती झाडं अनंताच्याच जातकुळीतली. ही माहिती पुस्तकात नंतर आली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात ती आधीपासून होती.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. अनंताला आंबूस माती लागते. चहालाही तशीच लागते. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहाच्या लागवडीचा प्रयोग केला होता, तो अशाच तांबड्या मातीत. म्हणून पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात अनंत आनंदानं वाढतो. शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी, चुनखडीची जमीन, कुठं कुठं क्षारपड. तिथं पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नाही, त्याची ती खूण. तिथल्या मैत्रिणींनी मोठ्या कुंडीत तांबडी माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू घालून लावावं. लिटरभर पाण्यात चिमूटभर हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा द्यावं.

दोन गोष्टी मात्र कुणीच करू नका. चुलीतली राख अनंताच्या बुडात टाकू नका, आणि धुण्याचं साबणाचं पाणी सोडू नका. दोन्हींनी मातीचा आंबूसपणा जातो. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं पाणी साठवून द्या.

फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा. वाळू-मातीत खोचून सावलीत ठेवा, माती ओली राहू द्या, चिखल नको. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. झाडाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या. कळ्या आल्यावर पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असं केलं की कळ्या गळतात. कुंडीची जागाही तेव्हा हलवू नका. छाटणी फुलांचा बहर संपल्या संपल्या करा. उशीर केलात तर पुढच्या कळ्याच छाटल्या जातील. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसा आणि निंबोळी तेल फवारा.

गटाच्या बैठकीत परसबागेचा विषय निघाला की भाजीच्या वाफ्यासाठी पहिली कुऱ्हाड फुलझाडावर पडते. भाजी हवीच. पण अनंत कोपऱ्यातही मावतो. आणि दोनशे साठ वर्षांपूर्वी गॉर्डननं जे केलं ते आपणही करू शकतो. पावसाळ्यात गटानं शंभर फांद्या लावल्या, त्यातल्या निम्म्या जरी जगल्या, तरी विकायला रोपं तयार. आजवर आपण फांदी फुकट दिली, शेजारणीला देतच राहू. पण बाजारात नेलं की मोल घ्यायचं.

शेवटी नावाचंच बोलते. ज्या परसात तुम्ही झाड जगवता, ते घर कुणाच्या नावावर आहे? २००३ मध्ये शासनानं गावातली घरं नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचा निर्णय घेतला, ‘घर दोघांचं’. तरी आजही कितीतरी घरांच्या उताऱ्यावर बाईचं नाव नाही. या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि नमुना नंबर ८ चा उतारा मागा. तुमचं नाव नसेल तर तिथंच दोघांच्या सहीनं अर्ज द्या. एकटीनं जायला अवघड वाटलं तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून जा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला उतारा घेऊन यावं, आणि ज्यांच्याकडं अनंत आहे त्यांनी दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात.